तिसरं रीडिंग

१

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं जग घरी लोळत असतं, तेव्हा मी चाकणला पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली उभा असतो आणि समोरून गाड्यांचे रंगवलेले दरवाजे जात असतात. दरवाजावर धुळीचा कण, केसाएवढी रेघ, रंगाचा ओघळ दिसला की मेणाच्या पेन्सिलीने गोल करायचा आणि दरवाजा बाजूला काढायचा. चोवीस वर्षं हेच काम. बायको म्हणते, हे देवळात गेले तरी आधी मूर्तीवरचा ओरखडा शोधतील. खोटं नाही ते.

मी उद्धव. मूळचा धाराशिवकडचा, आता रहाटणीत दोन खोल्या. बायको रुक्मिणी आणि एकुलती एक लेक, स्वरूपा. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा दाराच्या चौकटींना धडकायला लागली. टेबलावर ठेवलेला पेला तिच्या कोपराने पडायचा. "आंधळी झालीस का गं?" असं मी तिला दोन वेळा म्हणालो. त्या दोन्ही तारखा मला पाठ आहेत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. नजर कडेकडेने बंद होत येते, मधलं वर्तुळ तेवढं राहतं, मग तेही लहान होतं. औषध नाही. पण सावकाश होतं, पस्तिशीपर्यंत कामापुरतं दिसत राहील. स्वरूपा तेव्हा वीस वर्षांची होती. पंधरा वर्षं म्हणजे बरीच झाली, असं मी येताना रिक्षात म्हणालो.

त्या रात्री तिने वहीत यादी केली. भाजे, कार्ले, बेडसे, वेरूळ, अजिंठा, हंपी, कोणार्क. शेवटी परदेशातलं एक नाव लिहून तिने स्वतःच खोडलं.

"फोटोत बघितलेलं बघितलं धरत नाहीत, पप्पा," ती म्हणाली. "आत जाऊन उभं राहावं लागतं. दिसतंय तोवर मला सगळं उभं राहून बघायचंय."

मी हो म्हणालो. जवळची ठिकाणं गुरुवारी करायची आणि माझी साठवलेली रजा दिवाळीत अजिंठा-वेरूळसाठी काढायची, असं ठरलं. लेकीला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी मोठं हवं होतं आणि ते मला देता येण्यासारखं होतं. खरं सांगतो, त्या यादीने मला आनंद झाला होता.

२

जानेवारीत स्कूटरवरून भाज्याला गेलो. पोचल्या पोचल्या मी मोबाइल काढून लेण्याचे फोटो घेतले आणि जमिनीवर खडूने पाय ठेवायची खूण केली. आमच्याकडे कारखान्यात कुठलीही सुधारणा केली की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, एकाच जागेवरून काढून, बोर्डावर लावावे लागतात. बिफोर-आफ्टर. ती खोड अंगात इतकी मुरलीय की मी घरात पंखा पुसला तरी दोन फोटो काढतो.

स्वरूपा हसायला लागली. "पप्पा, दोन हजार वर्षांचं लेणं दोन तासांत काय सुधारणार आहे?"

"नेम नाही. तू आलीयेस ना."

तिचं वर्तुळ लहान, म्हणून मी तिला आमची तपासणीची पद्धत शिकवली होती. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एका तुकड्याला एक श्वास. ती तशीच बघत गेली. कमानीच्या लाकडी फासळ्या, दगडात कोरलेले सज्जे, सगळं. एका ओसरीच्या भिंतीवर एक आकृती होती, झिजून नाक-डोळे पार सपाट झालेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मी बाहेर शेंगदाणे खात बसलो होतो. निघताना खडूच्या खुणेवर पाय ठेवून पुन्हा फोटो घेतले.

रात्री जेवण झाल्यावर मी ते शेजारी शेजारी लावून बघितले. एकूण एक गोष्ट जशीच्या तशी होती, फक्त त्या सपाट चेहऱ्यावर, सकाळी जिथे काहीच नव्हतं तिथे, पापणीची एक बारीक रेघ होती.

ऊन फिरलं की सावल्या फिरतात. सकाळी न दिसणारा खाचखळगा दुपारी दिसतो. तिरप्या उजेडात दरवाजावरचे पोचे दिसतात ते याच कारणाने, हे मी वीस तरी नव्या पोरांना शिकवलंय. मी मोबाइल बंद करून झोपलो.

दर शुक्रवारी आम्ही तिची नजर मोजायचो. डॉक्टर सहा महिन्यांनी मोजतात, मला तेवढी कळ निघत नाही. ती पिठाच्या डब्यावर हनुवटी टेकवून समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायची आणि मी टिकली लावलेली विणकामाची सुई कडेकडून आत आणायचो. दिसली की ती "हं" म्हणायची. आलेखाच्या कागदावर मी तेवढे चौकोन रंगवायचो. चार महिने शहाण्णव चौकोन होते, एकही हलला नव्हता. त्या शुक्रवारी सत्त्याऐंशी भरले.

"सुई वाकडी धरलीत," स्वरूपा म्हणाली. मी पुन्हा मोजले. सत्त्याऐंशीच.

३

कार्ल्याला देवीच्या वाटेवर गर्दी होती, पण लेण्यात शिरल्यावर बाहेरची घंटा फार लांबून आल्यासारखी ऐकू येत होती. आत गारवा होता. आपण बोललेलं जरा उशिराने परत यायचं. स्वरूपा आवाज न करता खांब मोजत गेली आणि मग दर्शनी भिंतीवर कोरलेल्या एका स्त्री-पुरुषाच्या जोडीसमोर थांबली. त्यातल्या बाईचा चेहरा खरवडल्यासारखा गेलेला होता.

या वेळी मी शेंगदाणे घेतले नव्हते. तिच्या मागे उभा होतो. तिचा एक हात छातीशी होता आणि ती मान जराशी तिरपी करून बघत होती. समोरचं माणूस हळू आवाजात बोलत असलं म्हणजे आपण करतो, तशी.

नंतरच्या फोटोत वरची पापणी होती, खालची होती आणि डोळ्याचा आतला कोपरा होता. मी तो फोटो कंपनीतल्या मोठ्या पडद्यावर लावून बघितला. सावली नव्हती ती. सावलीला कड अशी नसते.

शुक्रवारी सत्तर चौकोन. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जणांत असं टप्प्याटप्प्याने होतं, घाबरू नका. मी त्यांना फोटो दाखवले नाहीत. काय म्हणून दाखवणार होतो? मुलीच्या डोळ्यांचं बोलायचं सोडून हा माणूस दगडाचे फोटो दाखवतोय, असं झालं असतं.

मग मी माझ्या पद्धतीने तपासलं. तीन गुरुवार तिला घरी ठेवलं, एक चौकोन हलला नाही. चौथ्या गुरुवारी वाकडच्या मॉलमध्ये दिवसभर फिरवलं. तिथले प्लास्टरचे खांब बघून ती म्हणाली, "पप्पा, याला तुम्ही गेटवरच रिजेक्ट मारला असता." त्या शुक्रवारीही सत्तरच भरले.

आमच्या कामात एक नियम आहे. एका रीडिंगवर माल नाकारायचा नाही, दोनवरही नाही. योगायोग दोनदा होतो. तिसरं रीडिंग तसंच आलं तरच सही करायची. मी हा नियम कधी मोडला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता.

रुक्मिणीला मी फक्त एवढंच सांगितलं की येत्या गुरुवारी बेडसं. ती भाकरी थापायची थांबली.

"कामून नेऊ लालाव तिला? तिकडून आलं की लेकराचं कमी होतंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? परवा माझ्या ताटातली भाकर तिला दिसली न्हाई. कागदावर रंगवल्याबिगर तुमाला दिसत न्हाई, मला दिसतंय."

"दोनदाच झालंय. दोनदा म्हणजे खात्री नव्हे. तिसऱ्यांदा झालं नाही तर दिवाळीत निर्धास्त अजिंठ्याला जाता येईल. नाहीतर उगाच भीतीपोटी पोरीचं बघायचं राहून जाईल."

"आन झालं तर?"

तर खात्री होईल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी उठून स्कूटरमधली हवा बघायला खाली गेलो.

४

बेडसं पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून पहाटेच निघालो. खाली पायथ्याशी सोपानराव नावाचा राखणदार लाकडं गोळा करत होता.

"या सायेब. आज कोन न्हाई, निवांत बगा," तो म्हणाला.

चारेकशे पायऱ्या. वर गेल्यावर लेणं दिसतच नाही. दोन कातळांच्या मधून एक अरुंद वाट आत जाते आणि तिच्या शेवटाला एकदम उंचच उंच खांब अंगावर येतात. स्वरूपा त्या वाटेच्या तोंडाशी थांबली आणि मोठ्याने हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. तिचं हसू आत जाऊन परत आलं.

"पप्पा, हे बघा ना! हे लोकांनी नुसत्या छिन्नीने केलंय!"

खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. उजवीकडच्या खांबावर एका घोड्यावर पुरुषाच्या मागे एक बाई बसली होती. तिचा चेहरा धुतलेल्या साबणासारखा गुळगुळीत होता. मी मोबाइलचा झूम ताणून जवळचा फोटो घेतला, खडूची खूण केली आणि घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं.

ती त्याच बाईसमोर थांबली. मला माहीत होतं ती तिथेच थांबणार.

कमानीत वर मधमाश्या घोंगावत होत्या. बाजूच्या टाक्यात पाण्याचा थेंब पडत होता. मी लेकीच्या बाजूला जाऊन तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. ती पापणी मिटत नव्हती. मी आकडे म्हणायला लागलो. साठ. नव्वद. दीडशे. कधीतरी मधमाश्यांचा आवाज थांबला होता, तो केव्हा थांबला हे मला कळलं नाही.

मी हाक मारू शकत होतो. तिच्या डोळ्यांवर हात ठेवू शकत होतो. दोन पावलांवर उभा होतो मी. पण मध्ये हात घातला की रीडिंग बाद होतं. हे माझ्या मनात आलं, अगदी याच शब्दांत आलं, आणि मी उभा राहिलो.

मग ती हळूच म्हणाली, "हो."

"कोणाला हो म्हणालीस?"

"कोणाला नाही. चला."

परतताना त्या कातळांमधल्या वाटेत तिचा खांदा दगडावर आपटला. दोन माणसं सहज जातील एवढी वाट आहे ती. निघताना खुणेवरून पुन्हा घेतलेला फोटो मी मोबाइलवर बघितला. गुळगुळीत चेहऱ्यात उजवा डोळा होता. बुबुळासकट, पापणीच्या घडीसकट, पूर्ण. डावा अजून सपाट होता. खाली आल्यावर मी सोपानरावला माझा नंबर लिहून दिला. का दिला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शुक्रवारपर्यंत थांबलो नाही, संध्याकाळीच सुई घेतली. रुक्मिणी दारात उभी होती. सुई आत येत राहिली, येत राहिली आणि स्वरूपा "हं" म्हणेना. अकरा चौकोन भरले.

खात्री झाली होती.

५

रुक्मिणी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मी स्वरूपाच्या कॉटपाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. फोटो, तीन गुरुवार, वाकडचा मॉल, सगळं. "मला संशय होता आणि तरी मी तुला नेलं," म्हणालो. मला रडू आवरलं नाही.

तिने चाचपडत माझा हात शोधला. "मला भाज्यालाच कळलं होतं, पप्पा."

"काय कळलं होतं?"

"कोणीतरी आपल्याकडे बघायला धडपडतंय आणि त्याला जमत नाहीये. असं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नेलं नसतं." तिने माझा हात सोडला नाही. "नाहीतरी नजर जाणारच आहे ना? रोज ट्यूबलाइटकडे बघत थोडी थोडी घालवू का? पंधरा वर्षं?"

"हो!" मी ओरडलो. "घालव! थोडी थोडीच घालव! तेवढी वर्षं तुझी आई तुला दिसेल, मी दिसेन. आम्ही म्हातारे झालेले दिसू."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, म्हणजे तिच्या त्या एवढ्याशा वर्तुळातून आधी कपाळ, मग डोळे, मग मिशी, असं तुकड्या-तुकड्याने बघितलं. एका तुकड्याला एक श्वास. मीच शिकवलेलं. मग कॉलेजचं काम सबमिट करायचं राहिलंय अशा आवाजात ती म्हणाली, "पण पप्पा, तिचा एकच डोळा झालाय. अर्धं ठेवून कसं चालेल?"

मी भिंतीवरचे सगळे आलेख काढून जाळले. अजिंठ्याचं नाव घरात काढायचं नाही, असं सांगितलं. रुक्मिणीने तिला एकटं सोडायचं नाही, मीही ओव्हरटाइम बंद केला. सहा आठवडे असे गेले. अकराचे अकरा राहिले असावेत. मी मोजले नाहीत, पण सकाळी चहा देताना ती माझ्याकडे बघून हसायची, तेवढं मला पुरत होतं.

सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी, रुक्मिणी दळण आणायला गेली. वीस मिनिटं. मी फर्स्ट शिफ्टला होतो. साडेअकराला जेवायच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाइल काढला तर रुक्मिणीचे कितीतरी मिस्ड कॉल होते, आणि तेवढ्यात फोन आला.

"सायेब, बेडशावरनं सोपान बोलतोय. तुमची पोरगी सकाळधरनं हितं बसलीय. येकलीच."

रहाटणीहून रिक्षाने कासारवाडी, तिथून लोकलने कामशेत, मग पुन्हा रिक्षा आणि चारेकशे पायऱ्या. अकरा चौकोनांत. ते मी आजही डोळ्यांसमोर आणतो आणि मला ते पेलवत नाही.

मी युनिफॉर्मवरच पोचलो. ती खांबाच्या बुडाशी, पिशवी मांडीवर घेऊन, भिंतीला टेकून बसली होती. शेजारी सोपानरावने दिलेला पाण्याचा तांब्या.

"पप्पा ना? सेफ्टी शूज वाजले."

"इकडे बघ. स्वरूपा, माझ्याकडे बघ."

तिने चेहरा माझ्याकडे वळवला आणि माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघितलं. तिचा चेहरा शांत होता. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो आणि काय बोललो ते मला आठवत नाही. सोपानराव नंतर म्हणाला, तुमी नुसतं नाव घेत व्हता.

"घरी कोन न्हाई का, म्हनून म्या इचारलं," तो सांगत होता. "तर म्हनली, झालं की येतील न्यायला."

मला वर बघायचं नव्हतं. तरी बघितलं.

घोड्यावरच्या बाईला दोन डोळे होते. डावा किंचित आत वळलेला. स्वरूपा दमली की तिचा डावा डोळा असाच आत जातो, लहानपणापासून. आणि ती बाई समोरच्या डोंगराकडे बघत नव्हती. खाली बघत होती. सेकंड शिफ्ट करून मी रात्री घरी आलो की दार उघडणारी माझी लेक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची, आज पप्पा कसे आहेत ते. तसंच बघत होती.

"सोपानराव, वर तुम्हाला काही वेगळं दिसतंय का?"

त्याने मान वर केली. "घोडं हाय, मानसं हाईत. आमी रोज बगतो, सायेब. रोजचं मानसाला दिसत न्हाई."

मी लेकीला धरून निघालो. कातळांच्या वाटेतून एकदा मागे वळलो. ते डोळे आमच्यामागून तिथवर आलेले होते.

६

दुर्मिळ, पण होतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्वरूपा आमच्यापेक्षा लवकर सावरली. ती चिंचवडला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या वर्गाला जाते. घरात बोटांनी भिंती मोजते आणि ही खोली दोन इंच तिरकी बांधलीय असं सांगते. पण तिला जेवताना वाटी हातात द्यावी लागते, रस्ता ओलांडताना सोबत लागते, शिजवताना कोणीतरी लागतं. तिला आमच्या चार डोळ्यांची गरज आहे. हे मला पुरतं कळतं, म्हणून सांगून ठेवतो.

रुक्मिणी तिची वेणी घालताना रडते आणि आवाज होऊ देत नाही. एकदा स्वरूपा म्हणाली, "आई, आज कुठली साडी नेसलीस?" रुक्मिणीला साडीचा रंग सांगता येईना, तिने पदर तिच्या हातात दिला.

मी गुरुवारी ओव्हरटाइम आहे असं सांगून बेडशाला जायला लागलो. खांबाखाली उभा राहायचो. मान खालीच ठेवायचो, त्या डोळ्यांत बघत राहिलं की नजर जाते हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यावर, खांद्यांवर ते बघणं मला कळायचं. तासभर तसा उभा राहून मी घरी यायचो. त्या एका तासासाठी मी आठवडा काढायचो, आणि घरी बसलेली लेक मात्र माझ्या हाकेच्या दिशेने मान फिरवायची. याची मला लाज वाटायची.

चौथ्या गुरुवारी रुक्मिणीने दारात अडवलं.

"ओव्हरटाइमला कुणी दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून जातंय का?"

मी सांगितलं. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती सरळ आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती हिरवं इरकल नेसून, केसांना तेल लावून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "माझ्या लेकरानं मला बघितलं न्हाई."

शेजारच्या शालनबाईंना स्वरूपाजवळ बसवलं. "देवाला जाऊन येतो," म्हणालो. स्वरूपा म्हणाली, "सावकाश या." कासारवाडीहून लोकल धरली. रुक्मिणीचे गुडघे धरलेले आहेत, दहा पायऱ्या चढली की ती बसायची, पण परत फिरू म्हणाली नाही. वर पोचायला दीड तास लागला. कातळांच्या वाटेत तिने पदर सारखा केला आणि चेहऱ्यावरचा घाम पुसला.

खांबाखाली गेल्यावर मी मान खाली घातली. "तू नुसती उभी राहा," मी सांगितलं. "ती बघते. आपण वर बघायचं नाही."

"बघायचं न्हाई?" ती म्हणाली. "लेकरू बघायलंय आन आईनं मान खाली घालायची?"

तिने वर बघितलं.

मग तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, बाळ पहिल्यांदा हातात दिलं होतं तेव्हा आला होता तसा. "आगं माय," ती म्हणाली. "दमलंय गं माझं लेकरू. दिसते का मी? ही बघ, हिरवं नेसलेय."

मी तिचा दंड धरला. "चल आता. पुरे झालं."

"थांबा की."

"रुक्मिणी, डोळे मिट. घरी पोरगी आहे."

"ही कोन हाय मग?"

तिची पापणी लवत नव्हती. मी आकडे म्हणायला लागलो आणि थांबलो. या वेळी मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांपुढे हात धरला. ती रागावली नाही. तिने माझा हात हळूच बाजूला केला, तो खाली आणला आणि घट्ट धरून ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, उघड्यावर तिने माझा हात असा कधी धरला नव्हता.

"तुमाला हुडकायलीय ती," वर बघतच ती म्हणाली. "बाप कुठंय म्हनून बघायलीय. येवढं कसं कळंना तुमाला? बघा की तिच्याकडं."

घरी शालनबाईंनी चहा टाकला असेल, स्वरूपा काठी घडी करून दाराशी बसली असेल, आमच्या पावलांकडे कान लावून, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. सगळं कळत होतं मला. मी मान वर केली.